पिवळा काजवा

ईश्वरी मोहिते सहावीत गेली त्या वर्षी पाटणच्या कोयनातीर विद्यालयात काजवे आले. सरकारी पत्रकात त्यांचं नाव ‘बोधदीप’ असं होतं. पण प्रत्येक बाकाच्या कडेला बसवलेले ते सुपारीएवढे दिवे पहिल्यांदा लुकलुकले, तेव्हा मागून कुणीतरी ‘अरे, काजवे!’ म्हणून ओरडलं आणि बोधदीप हे नाव पत्रकातच राहिलं.

तो दिवस ईश्वरीच्या मनात पुढे कितीतरी वर्षं टिकून राहिला. उघडलेल्या खोक्यांचा नवा वास, वर्गभर उडणारे थर्माकोलचे दाणे आणि ते एकमेकींच्या वेण्यांत खोचणाऱ्या मुली. प्रत्येकीला एक रबरी पट्टा मिळाला. तो कपाळाला बांधला की आधी थंडगार लागायचा आणि मग आहे हे विसरायलाच व्हायचं. सोबत एक पाटी होती. दगडाची नव्हे, काचेची. धडे दाखवणारी, बोलणारी. दिवे बसवायला आलेल्या माणसाने नियम सांगितला, ‘‘दिवा हिरवा म्हणजे समजलं. पिवळा म्हणजे समजत नाहीये, डोकं झगडतंय. निळा म्हणजे लक्ष भलतीकडेच आहे.’’

‘‘पण त्याला कळतं कसं?’’ अर्शियाने विचारलं.

अर्शिया मुल्ला ही ईश्वरीच्या बाकावरची. बालवाडीपासून दोघी एकत्र. ईश्वरी तोंडातून शब्द न काढणारी, आणि अर्शिया प्रश्न विचारल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी.

‘‘सेन्सर असतात त्यात,’’ तो माणूस म्हणाला आणि स्क्रू पिळायला लागला.

उत्तर अर्शियाला पुरलं नाही, तसंच गणिताच्या साबळे बाईंनाही पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई घरून बॅटरी घेऊन आल्या. खिडक्या लावून घेतल्या आणि पेटलेल्या बॅटरीवर आपला तळवा ठेवला. अंधारात बाईंची बोटं आतून लालभडक उजळली.

‘‘प्रकाश मांसातून थोडाफार आरपार जातो, बघा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हा पट्टा तेच करतो. डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश कपाळातून आत सोडतो आणि परत येईल तेवढा मोजतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो जास्त रक्त ओढून घेतो, चुलीने फुंकर मागावी तसं. प्राणवायूने भरलेलं रक्त प्रकाश एका तऱ्हेने गिळतं, कमी प्राणवायूचं दुसऱ्या तऱ्हेने. त्यावरून पट्ट्याला कळतं की आत कुठे चूल पेटलीय. शिवाय पाटीवरचा बारीक कॅमेरा तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघतो. अशा लाखो मुलांच्या मोजमापांवरून यंत्र शिकलंय, झगडणारं डोकं कसं दिसतं आणि सुटका झालेलं कसं.’’

‘‘म्हणजे माझ्या डोक्यात काय चाललंय ते त्याला दिसतं?’’

‘‘छे! तापमापीला ताप किती ते कळतं. तू पावसात भिजलीस की आइस्क्रीम खाल्लंस, ते कुठे कळतं तिला?’’

वर्गाला हायसं वाटलं. खोड्या काढायला जागा होती तर! मग पहिले दोन आठवडे नुसते उद्योग चालले. अर्शियाने खिचडीच्या खोलीतून एक तांबडा भोपळा उचलून आणला आणि आपला पट्टा त्याला बांधून बाकावर ठेवला. काजवा बराच वेळ डळमळला आणि निळा झाला. ‘‘भोपळ्याचं लक्ष नाहीये, बाई!’’ म्हणून वर्ग लोळून हसला, आणि बाईंनी भोपळ्याला उभं राहायला सांगितलं.

एकदा इतिहासाच्या तासाला जमीन हलली. कोयनेच्या खोऱ्यात ती अधूनमधून हलतेच, तिथल्या पोरांना त्याची सवय असते. तरी त्या दिवशीचा हिसका जरा जोराचा होता. सगळी मुलं बाकांखाली शिरली. सारं थांबल्यावर वर डोकं काढून बघतात तर वर्गातला प्रत्येक काजवा पिवळाधम्मक. साबळे बाई शेजारच्या वर्गातून धावत आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्या धापा टाकत म्हणाल्या, ‘‘वा! सगळा वर्ग एकाच वेळी विचार करताना आज पहिल्यांदा बघितला.’’

काजव्यांनी ईश्वरीचं भलं केलं हे कुणीही नाकारलं नसतं, तिने तर नाहीच. पाचवीत अपूर्णांक सुरू झाले तेव्हा ती पहिल्याच पायरीवर अडकली होती, आणि वर्षभर अडकूनच होती. हात वर करायची तिची हिंमत नव्हती. ‘समजलं का सगळ्यांना?’ असं विचारलं की तीही मान डोलवायची. आता मान डोलवून भागेना. तिचा काजवा पिवळा झाला की पाटी आपणहून तोच प्रश्न लहान करून मांडायची. तेवढ्यानेही नाही जमलं तर आणखी लहान. भाकरीचा तुकडा मोडून तो आमटीत बुडवून बाळाच्या तोंडात द्यावा तसं. आणि मग कुठल्यातरी तुकड्यापाशी काजवा टपकन हिरवा व्हायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. न बोलता कुणीतरी आपलं ऐकलं, असं तिला वाटलं. दिवाळीपर्यंत ती वर्गात पहिल्या पाचांत आली.

घरोघरी संध्याकाळी फोनवर निरोप यायचा: आज आपल्या पाल्याची पिवळी मिनिटं इतकी. थोड्याच दिवसांत हळदीकुंकवाला बायका सोन्याच्या भावाऐवजी पिवळ्या मिनिटांबद्दल बोलू लागल्या. ईश्वरीची आई पिठाची गिरणी चालवायची. दळण घ्यायला आलेल्या प्रत्येकीला ती पिठाने माखलेल्या बोटाने फोनचा पडदा दाखवायची. ‘‘आमच्या पोरीचं बघा. जवळजवळ नाहीच पिवळं.’’

अर्शियाचं मात्र उलट होतं. तिचा काजवा पिवळा झाला की पिवळाच राहायचा. तिला गणित येत नव्हतं असं नाही. ती एखाद्या प्रश्नात शिरायची आणि आतच हिंडत बसायची. पाटीने प्रश्न मोडून तुकडे पुढे केले की ती तळव्याने पाटी झाकायची. ‘‘थांब की जरा,’’ असं ती पाटीला म्हणायची, जणू लहान बहीणच मध्ये मध्ये करतेय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर बसण्याची जागा यंत्राने ठरवायची असा नियम आला. ज्यांचे काजवे साधारण एकाच वेळी हिरवे होतात ती मुलं एकत्र, म्हणजे शिकवणं खोळंबत नाही. ईश्वरी पुढच्या रांगेत गेली. अर्शियाला खिडकीजवळच्या मागच्या बाकांवर पाठवलं, त्या बाकांना ‘आधार गट’ म्हणायचे. जागा बदलताना अर्शियाने दप्तर खांद्याला लावलं आणि म्हणाली, ‘‘खिडकी मिळाली गं मला!’’ ईश्वरी हसली. सुरुवातीला दोघी मधल्या सुट्टीत डबा एकत्र खायच्या. मग पुढच्या रांगेतल्या मुलींचा निराळा घोळका जमला. भांडण झालं नाही, रुसवेफुगवे नाहीत. नुसतं अंतर पडत गेलं.

शनिवारी मात्र निराळं असायचं. सकाळच्या शाळेतला शेवटचा तास साबळे बाईंचा, आणि त्या तासाला त्या पट्टे काढून खोक्यात ठेवायला लावायच्या. पाट्या पालथ्या. ‘‘बसा कुणीही कुणाजवळ,’’ म्हणायच्या. ईश्वरी मग धावत खिडकीजवळ जायची. बाई एकच कोडं घालायच्या आणि स्वतः खुर्चीत बसून स्वेटर विणायच्या. उत्तर मागायच्या नाहीत, सांगायच्याही नाहीत.

एक कोडं ईश्वरीला कायमचं आठवत राहिलं. एक माणूस शनिवारी सकाळी पायथ्यापासून सुंदरगड चढायला लागतो आणि दुपारपर्यंत माथ्यावर पोचतो. रात्री तिथेच राहतो. रविवारी सकाळी त्याच वेळेला त्याच वाटेने उतरायला लागतो. मधे कुठे कितीही थांबो, पळो, जांभळं खात बसो. तर वाटेवर अशी एखादी जागा असेलच का, की जिथे तो दोन्ही दिवशी नेमका त्याच वेळेला होता?

वर्ग हमरीतुमरीवर आला. नसेल, असेल, तो जांभळं किती खातो त्यावर आहे! तास संपला. पुढचा शनिवारही तसाच गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी अर्शिया खिडकीबाहेर बघत बसली होती. ईश्वरी तिच्या खांद्याला खांदा लावून कागदावर रेघा मारत होती. एकाएकी अर्शियाने तिचं मनगट धरलं.

‘‘ईशे, त्याला एकाच दिवशी चढवायचा आणि उतरवायचा!’’

‘‘असं कसं?’’

‘‘दोन माणसं धर. एक खालून निघालाय, एक वरून, एकाच वेळेला, एकाच वाटेने. भेटतीलच ना? कुठेतरी भेटायलाच पाहिजेत! भेटले ती जागा!’’

ईश्वरीच्या अंगावर सरसरून काटा आला. बाईंच्या सुया थांबल्या. त्या उठून आल्या आणि अर्शियाच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. त्या वेळी अर्शियाच्या डोक्यात काय लखलखलं असेल ते मोजायला कुठलाही पट्टा तिथे नव्हता.

ते शनिवार फार टिकले नाहीत. दर आठवड्याला एका तासाची नोंद यंत्राला मिळत नव्हती. आधी विचारणा आली, मग एक अधिकारी आले, आणि मार्चमध्ये बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी वर्गाला राजगिऱ्याचे लाडू वाटले. भाषण करायला त्यांनी नकार दिला.

अर्शियाने दहावीनंतर शाळा सोडली. तिच्या शेऱ्यात दरवर्षी ‘आकलन मंद’ असं यायचं. अब्बांनी चिपळूणला मामूंच्या बेकरीत भागी घेतली आणि घरच तिकडे हललं. ईश्वरी हिरव्या काजव्याच्या उजेडात पुढे जात राहिली. बारावी, पदवी, आणि मग कराडला बी.एड.

पुढची गोष्ट आहे ती ईश्वरीच्या शेवटच्या सराव पाठाची.

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी कॉलेजमधली काजव्यांची यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. ग्रंथालयात ईश्वरी एका साध्या पुस्तकातलं भूमितीचं उदाहरण सोडवायला बसली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. पुढे काय करायचं ते सुचेना. पाटी प्रश्न मोडून देईल म्हणून तिने सवयीने वाट पाहिली. काहीच आलं नाही. आणि मग तिची छाती धडधडू लागली, तळहात ओले झाले, वाटलं की आत्ता ही खोली सोडून पळावं. आजूबाजूला पाहिलं तर आणखी तिघीचौघी पुस्तकं मिटून, पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी बसल्या होत्या.

या त्रासाला एव्हाना नाव पडलं होतं: पिवळी भीती. तरुण मुलं दवाखान्यात येऊन सांगायची, की समोर न सुटणारं काही आलं, मग ते उदाहरण असो, नोकरीतला पेच असो की घरातलं भांडण, की श्वास कोंडतो. डॉक्टरांचं म्हणणं असं की न कळण्याची अवस्था सोसायचाही मेंदूला सराव लागतो. या मुलांना तो मिळालाच नाही. पिवळा लागला की कुणीतरी विझवत आलं.

ईश्वरीला त्या दिवशी हे वाचून कळलं नाही, अंगाने कळलं. त्या संध्याकाळी तिने चिपळूणचा फोन नंबर शोधून काढला.

‘‘कोण? ईशी? अगं या अल्ला! थांब, खारी भट्टीतून काढते आधी.’’ पलीकडे पत्रे आपटल्याचा आवाज आला. ‘‘हां, बोल. लग्न ठरलं का?’’

‘‘नाही गं. पाठ आहे माझा पुढच्या आठवड्यात. शेवटचा.’’ ईश्वरी अडखळली. ‘‘अर्शू, तुला त्या काजव्याचा राग यायचा का गं?’’

‘‘काजवा? शाळेतला?’’ अर्शिया हसली. ‘‘राग कसला? बिचारा खरं तेच सांगायचा. मला वेळ लागायचाच. अजून लागतो. नानकटाईचं प्रमाण जमायला मला अख्खा उन्हाळा लागला, मामू बोंबलत होते.’’

‘‘मग वाईट कशाचं वाटायचं?’’

पलीकडे अर्शियाने भट्टीचा पंखा बंद केला.

‘‘तू पुढच्या बाकावर गेलीस, त्याचं,’’ अर्शिया म्हणाली. ‘‘माझ्या शेजारी बोलायला कुणी नव्हतं. एकटीने विचार करायला मला कधी जमलं नाही गं. तू नुसती शेजारी बसायचीस ना, तेवढ्याने डोकं चालायचं.’’

फोन ठेवल्यावर ईश्वरी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसली. खाली कृष्णा आणि कोयना एकमेकींना मिळत होत्या. तिला वाटायचं की शनिवारचे ते तास गेले म्हणून आपल्याला हुरहुर लागते. पण त्या तासांत नेमकं काय होतं, हे तिला आज कळत होतं. खिडकीतलं ऊन, सुयांची टकटक, आणि न येणारं उत्तर दोघींनी मिळून धरून ठेवलेलं.

पाठ कराडच्याच एका शाळेत होता, सहावीच्या वर्गावर. परीक्षक होत्या निंबाळकर मॅडम. गुणांचा मोठा भाग एकाच गोष्टीवर ठरायचा: वर्गातला पिवळा किती लवकर हिरवा झाला. पाठ चांगला गेला तर जूनपासून मलकापूरच्या एका शाळेत ईश्वरीला जागा मिळणार होती. तसं तोंडी ठरलंही होतं.

‘‘आज कुणाजवळ बसायचं ते तुम्हीच ठरवा,’’ ती वर्गात शिरता शिरता म्हणाली.

मुलं आधी गोंधळली, मग एकच कल्ला झाला. तो शमल्यावर तिने जोडीजोडीत एक बुद्धिबळाचा पट वाटला. पटाची तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांतली घरं कापून टाकलेली. सोबत पुठ्ठ्याच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी बरोबर दोन घरं झाकणारी.

‘‘या पट्ट्यांनी अख्खा पट झाकायचा. एकही घर उघडं नको, पट्टी बाहेर जायला नको. जमतं का बघा. जमत नसेल तर का जमत नाही ते शोधा.’’

मग तिने टेबलावरच्या पडद्यावर ‘मदत थांबवा’ हे बटण दाबलं. ते क्वचितच कुणी वापरत असे. पडद्याने कारण विचारलं. ईश्वरीने लिहिलं: ‘मुलं विचार करत आहेत.’

काही क्षणांत वर्ग पिवळा झाला. एकूण एक काजवा. मुलं पट्ट्या लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. शेवटी नेमकी दोन घरं उरायची, आणि तीही एकमेकांपासून लांब. हात आपोआप पाट्यांकडे वळत होते. पाट्या गप्प होत्या. निंबाळकर मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या रांगेतली सिद्धी जंगम नावाची मुलगी एकाएकी रडायला लागली.

‘‘बाई, माझं डोकं बंद पडलं. पाटी काहीच बोलत नाही.’’

तो धडधडणारा ऊर ईश्वरीच्या ओळखीचा होता. कोड्यातली मेख तिला ठाऊक होती: प्रत्येक पट्टी एक काळं आणि एक पांढरं घर झाकते, आणि कापलेली दोन्ही घरं एकाच रंगाची. काळी जास्त, पांढरी कमी, मग जुळणार कशी? एका वाक्यात सांगून टाकलं असतं तर सगळा वर्ग हिरवा झाला असता, मलकापूरची जागा हातात आली असती, आणि ही पोर हसली असती. शब्द अगदी जिभेवर आले.

ती सिद्धीच्या बाकापाशी उकिडवी बसली.

‘‘बंद नाही पडलं. हा बघ काजवा. बंद पडलं असतं तर काय रंग झाला असता?’’

‘‘निळा,’’ सिद्धी हुंदका देत म्हणाली.

‘‘आणि आत्ता?’’

‘‘पिवळा.’’

‘‘पिवळा म्हणजे चालू आहे. आत चूल पेटलीय. घाम आला, छातीत धडधडलं, तरी घाबरायचं नाही. मलाही होतं तसं. मी बसते इथे तुझ्याजवळ.’’

ती खरंच तिथे बसून राहिली. सिद्धीच्या जोडीदारणीने आपला रुमाल पुढे केला. मग दोघींची डोकी पुन्हा पटावर झुकली. वर्गात कुजबुज वाढत गेली. कुणी म्हणालं, नेहमी काळीच घरं का उरतात? दुसरं म्हणालं, पट्टी आडवी लाव. घंटा झाली तेव्हा मागच्या बाकांवरचे दोन काजवे तेवढे हिरवे झाले होते. बाकी सगळे पिवळे. उत्तर न सांगताच ईश्वरीने पाठ संपवला.

निंबाळकर मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

‘‘मुलगी रडली, ईश्वरी. मी लिहू काय?’’

‘‘झालं ते लिहा, मॅडम.’’

त्यांनी लिहिलं. ‘पाठ पुन्हा द्यावा.’ पुन्हा म्हणजे पुढच्या सत्रात. मलकापूरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ईश्वरीने आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, ‘‘असू दे. गिरणी कुठे पळून जात नाही,’’ आणि गिरणी सुरू करून तिने फोन ठेवला.

चार दिवसांनी ईश्वरी ते पट परत आणायला शाळेत गेली. मधली सुट्टी होती. मैदानात धूळ उडत होती, नळापाशी रांग होती. ती शिपायाकडून पिशवी घेऊन फाटकाकडे वळली तोच मागून पावलं वाजली. सिद्धी जंगम धावत येत होती. तिच्या हातांना खडू लागला होता. व्हरांड्यातल्या फरशीवर तिने आणि तिच्या मैत्रिणीने खडूने मोठा पट आखला होता, आणि मैत्रीण तिथेच एका पायावर उभी राहून वाट बघत होती.

ईश्वरीला वाटलं, ही आता उत्तर विचारणार.

‘‘बाई,’’ सिद्धी दम खात म्हणाली, ‘‘तुम्ही आलात म्हणून सांगायला आले. उत्तर सांगू नका हं. आमचं अजून चाललंय.’’

आणि ती उलट्या पावली पळाली.